स्टीलहेड पकडायचाय? मग नदीवर कशाला जाताय!

2015 च्या या हिवाळ्यात ज्यांना स्टीलहेड, म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणारा ट्राउट मासा, पकडायचाय त्यांना फुकटचा सल्ला देतो, कारण मी आत्ताच डिसेंबरच्या पावसात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी नदीत मांडीभर पाण्यात उभा राहून रिकाम्या हाताने परत आलोय आणि पाय अजून बधिर आहेत.

आधी वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची ती रबरी विजार, विकून टाका. फोल्डिंगची खुर्ची घ्या.

मग समुद्राकडे पाठ करा, आय-90 हायवेने कॅस्केड डोंगररांगेचा घाट ओलांडा आणि पार पूर्वेला, स्पोकॅन शहराच्या अलीकडे, स्प्रेग लेक या तळ्यापर्यंत जा. हसताय काय? पश्चिमेच्या प्युजेट साउंड खाडीला मिळणाऱ्या नद्यांसाठी हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली हिवाळी स्टीलहेडची पिल्लं राज्याच्या मत्स्यखात्यानं 2014 मध्ये असल्याच बंदिस्त तळ्यांत नेऊन ओतली. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याला सोलापूरच्या गाडीत कोंबावं तसं.

तिथे गेलात की पिल्लांची समजूत काढा. हे जरा अवघड आहे, कारण वर्षभर खाऊ घालून वाढवलेलं ते पोर, वसंतात अंगावर चांदी चढलेली, खारं पाणी सोसायला शरीर तयार झालेलं, त्याला सांगायचं की बाबा रे, समुद्र कॅन्सल. दोन उन्हाळे पॅसिफिकमध्ये काढून, गलेलठ्ठ होऊन, या डिसेंबरात वास घेत आपल्या नदीत परत यायचा तुझा प्लॅन होता ना, तो विसर, कारण जंगली मासे वाचवणाऱ्या एका संस्थेनं केस ठोकली, खात्याच्या साहेबांकडे पिल्लं नदीत सोडायला फेडरल मंजुरीचा कागदच नव्हता आणि एप्रिलमध्ये न सोडण्याची तडजोड झाली. तशी तुझी जात रेनबो ट्राउटचीच, तेव्हा तळ्यात रेनबो म्हणूनच राहा आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी तव्यावर जा.

स्कायकोमिश नदीवाले नशीबवान, तडजोडीत त्यांना वर्षाला 1 लाख 80 हजार पिल्लं मिळाली.

स्कॅजिट नदीत 12 वर्षं पिल्लं सोडायची नाहीत असं ठरलं, तेव्हा तिथल्यांनी तोवर दुसरा छंद शोधावा.

आणि हो, ओळखीसाठी पर कापलेला हॅचरीचाच मासा घरी न्यायचा, जंगली असेल तर सोडून द्यायचा, हा नियम मात्र पाठ करून ठेवा. हॅचरीचा मासा नदीत नसला म्हणून काय झालं, नियम आहे ना!

आता खरं बोलतो. जंगली स्टीलहेड वाचवायला माझी ना नाही, हॅचरीच्या माशांशी संकर होऊन त्याचं वाण बिघडतं हेही मान्य. पण इथला स्टीलहेड धोक्यातल्या माशांच्या यादीत गेला 2007 ला! खात्यावाल्यांनो, 2014 पर्यंत सात वर्षं होती तुमच्याकडे, सात, तेवढ्यात हॅचरीचा एक आराखडा मंजूर करून घेता आला नाही? परवानगी मिळणार नव्हती तर पिल्लं वाढवलीत कशाला, आणि वाढवलीत तर कागद आधी का नाही केलेत? 2015 लाही पुन्हा तेच, म्हणजे पुढच्या हिवाळ्याचीही वाट लावून ठेवलीत. वर लायसनचे पैसे वेळेवर पाहिजेत आणि स्टीलहेडच्या नोंदीचं कार्डही वेळेवर पाहिजे. माझं कार्ड कोरंच पाठवतोय. त्यात काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, लाज वाटली तर.