तीनशे रुपयांची कॉफी, पण प्यायला पाणी नाही

आमच्या भागात एक कॉफीचं दुकान आहे. एका तरुण मुलाने चांगली नोकरी सोडून काढलेलं. ते उघडलं तेव्हा भेटेल त्याला मी तिकडे पाठवत होते. आता कोणी "कॉफीला कुठे जाऊ या?" म्हटलं की मी विषय बदलते. दुकानाचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका. पुण्यात अशी बरीच दुकानं झाली आहेत आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी हाच अनुभव येतो, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझी तक्रार किमतीबद्दल नाही. "एवढ्या पैशांत अमृततुल्यमध्ये पंधरा चहा येतात" हे मला ऐकायचं नाहीये. चांगलं एस्प्रेसो मशीन लाखांच्या घरात जातं, रस्त्यालगतच्या गाळ्याचं भाडं विचारायची सोय नाही, आणि ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे २०२५च्या सुरुवातीला अरेबिका या कॉफीच्या जातीचे जागतिक भाव विक्रमी पातळीला गेले होते. चिकमगळूर, कूर्गच्या छोट्या मळेवाल्यांकडून नीट पैसे देऊन कॉफी घेणारा माणूस ती शंभर रुपयांत पाजू शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या साखळी कॅफेपेक्षा आपल्यातल्या कोणीतरी उभं केलेलं दुकान चालावं असं मला आजही मनापासून वाटतं. राग आहे तो त्यापोटीच.

माझ्या वडिलांचं वय शहात्तर. नातीच्या निकालाचे पेढे द्यायला आले होते, म्हटलं चला बाबा, तुम्हाला चांगली कॉफी पाजते. उन्हातून चालत गेलो. बसल्या बसल्या बाबांनी पाणी मागितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅम, रेग्युलर वॉटर नाहीये, बॉटल देऊ?" काचेची बाटली, साठ रुपये. मी म्हटलं, अरे, कॉफी करायला फिल्टरचं पाणी वापरता ना, त्यातलं एक ग्लास दे. तो म्हणाला, "सरांनी नाही सांगितलंय." बाबा लगेच म्हणाले, "राहू दे गं, मला काही एवढी तहान नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे साध्या खानावळीत ऑर्डर घ्यायच्या आधी टेबलावर पाण्याचे ग्लास येतात. दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही आपण पाणी विचारतो. आणि इथे दोन कॉफ्यांचे साडेपाचशेच्या वर घेणाऱ्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला तहान नसल्याचं सांगावं लागलं.

पुढे मेनू. छापील कार्ड नाही, टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. बाबांच्या फोनवर तो उघडेना. "एखादं कार्ड आहे का?" तर नाही. मीच माझ्या फोनवरून त्यांना एकेक नाव वाचून दाखवलं. दहा कार्डं छापून लॅमिनेट करून ठेवायला कितीसा खर्च येतो?

आता कॉफीबद्दल. ही माझ्या आवडीची गोष्ट आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. डबल शॉटला, म्हणजे मशीनमधून दाबाने उतरवलेल्या दाट कॉफीच्या दुहेरी मापाला, साधारण १८ ग्रॅम पूड घेतात, त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरते आणि त्याला २५ ते ३० सेकंद लागावेत असा ढोबळ हिशोब असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा वेग बदलतो, म्हणून रोज सकाळी दोन-तीन शॉट काढून, चाखून ग्राइंडरवरची दळणाची जाडी पुन्हा जुळवावी लागते. त्या दिवशी मी काउंटरशेजारीच उभी होते. शॉट नळ सोडल्यासारखा दहा-बारा सेकंदांत खाली आला, पातळ आणि फिकट. स्टीम वाँडवर, म्हणजे दूध तापवायच्या वाफेच्या नळीवर, आधीच्या दुधाचा वाळलेला थर दिसत होता, तो न पुसताच वाँड नव्या दुधात बुडवला. दूध ६०-६५ अंशांवर थांबवलं तर त्याचा गोडवा टिकतो. इथे भांड्याला हात लावता येईना इतकं तापवलं. कॅपुचिनो आला तो आंबट, वरून करपट वास. वर बदामाची नक्षी मात्र सुरेख.

असं होऊ शकतं. गर्दीच्या वेळी होतं, नवीन मुलगा असला तर होतं. मी शांतपणे सांगितलं की शॉट लवकर उतरलाय आणि दूध जास्त तापलंय, दुसरी करून द्याल का. मालक आतून आले. बत्तीस वर्षांचे असतील. म्हणाले, "मॅम, ही स्पेशालिटी कॉफी आहे. तुम्हाला फिल्टर कॉफीची सवय असेल, म्हणून आंबट वाटतेय." मी गेली कित्येक वर्षं घरी कॉफी दळून करते. हलक्या भाजणीच्या कॉफीतला फळासारखा आंबटपणा वेगळा आणि अर्धवट उतरलेल्या शॉटचा, जिभेच्या कडा आवळणारा आंबटपणा वेगळा, एवढं मला कळतं. पण समजा नसतं कळलं, तरी काय? फिल्टर कॉफी पिणाऱ्या माणसाला चव नसते का? दक्षिणेतल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ती प्यायली जाते, आणि ती पिणारी माणसं कॉफीबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा चोखंदळ असतात.

"बघू, काय बिघडलं ते", एवढे चार शब्द पुरले असते. एक घोट चाखून बघितला असता तरी चाललं असतं. कपाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या दुकानात फळीवर कॉफीची पाकिटं विकायला ठेवली आहेत, पाव किलोला साडेसहाशे. एकावर लिहिलं होतं : एस ७९५, नॅचरल. मी काउंटरवरच्या मुलाला सहज विचारलं, नॅचरल म्हणजे काय रे? तो म्हणाला, "केमिकल न वापरता केलेली असते, मॅम." खरं तर कॉफीचं फळ गरासकट, सालासकट उन्हात वाळवायच्या पद्धतीला नॅचरल म्हणतात. एस ७९५ हे आपल्याकडचंच जुनं, नावाजलेलं अरेबिकाचं वाण आहे. त्या मुलाचा यात काडीचा दोष नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने आदबीने उत्तर दिलं. दिवसभर जी वस्तू तो विकतो, तिच्याबद्दल कोणी त्याला शेजारी बसवून दहा मिनिटं सांगितलेलंच नाही. आणि हो, पाकीट उलटं करून भाजणीची तारीख बघितली, तर ती तीन महिन्यांपूर्वीची निघाली, म्हणजे कॉफी शिळीच.

इथेच माझं खरं म्हणणं आहे. या दुकानात पैसा दिसतो तो इटालियन मशीनवर, सिमेंटच्या भिंतीवर, पिवळ्या दिव्यांवर आणि इन्स्टाग्रामच्या फोटोंवर. माणसांवर दिसत नाही. मुलं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. सुरुवातीला एक मुलगी होती, मणिपूरची. मी दिसले की साखरेची डबी बाजूला सारायची, कारण मी साखर घालत नाही हे तिने लक्षात ठेवलं होतं. ती गेली आणि तिच्याबरोबर त्या दुकानातली कॉफीही गेली. स्वतंत्र दुकानाकडे साखळी कॅफेसारखा जाहिरातीचा पैसा नसतो, शंभर शाखा नसतात. ओळखणारी, विचारपूस करणारी माणसं एवढंच त्यांचं भांडवल, आणि तेच हे लोक उधळून टाकतायत.

बिल आलं. दोन कॉफ्या ५६०. त्यावर १० टक्के सेवा शुल्क ५६, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ६४७ रुपये. पाण्याचा ग्लास नाकारून सेवेचे ५६ रुपये! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत : हॉटेलने सेवा शुल्क आपणहून बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही, आणि ते धरून त्यावर जीएसटी आकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. मी हे सांगितल्यावर शुल्क काढलं, पण असा चेहरा करून की शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली. बाबा परत म्हणाले, "जाऊ दे गं." निघताना मी त्या मुलाला विचारलं, सेवा शुल्काचे पैसे तुम्हाला मिळतात का रे? तो नुसता हसला. "आम्हाला पगार असतो, मॅम." मी त्याच्या हातात पन्नास रुपये ठेवले.

घरी येऊन गूगलवरचे अभिप्राय वाचले. कोणीतरी अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की कॉफी कोमट मिळाली आणि वीस मिनिटं थांबावं लागलं. त्याखाली मालकांचं उत्तर : आमचं दुकान सगळ्यांसाठी नाही, तुम्हाला टपरीच बरी. ते वाचून मात्र माझं डोकं फिरलं. टपरीवाला पहाटे पाचला स्टोव्ह पेटवतो, चहा गार झाला तर न मागता दुसरा ओततो, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला लांबून येताना पाहून भांडं चढवतो. त्याच्याकडून शिकायचं सोडून त्याचं नाव शिवीसारखं वापरता?

मी मालकांना लांबलचक मेसेज केला आहे. पाणी, छापील मेनू, सेवा शुल्क, कामावरच्या मुलांना शिकवणं, पाकिटांवरच्या तारखा, सगळं लिहिलंय, आणि तुमचं दुकान चालावं अशी इच्छा आहे हेही लिहिलंय. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

तुम्हीही अशा दुकानांत जात असाल तर पैसे द्यायच्या आधी बिल वाचा. सेवा शुल्क लावलेलं असलं तर काढायला सांगा, आवाज चढवायची गरज नाही. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. टीप द्यायची असेल तर कॉफी करणाऱ्याच्या हातात द्या. कॉफी बिघडली असेल तर अर्धा कप तसाच टाकून उठून जाऊ नका, काय बिघडलं ते सांगा. आणि पुण्यात कुठे मागितल्याबरोबर साधं पाणी देणारं, चूक झाली तर कप बदलून देणारं कॉफीचं छोटं दुकान ठाऊक असेल, तर त्याचं नाव मात्र कमेंटमध्ये जरूर लिहा. बाबांना घेऊन जायचंय.