बोट दाबलेलंच आहे, सिलेक्शन सुटलंय

मुंडावळीचे मोती. नवरीच्या कपाळावरून दोन्ही गालांवर उतरलेल्या दोन सरी, टोकाला लाल गोंडे, आणि मागं कार्यालयाचा भडक हिरवा पडदा. तो पडदा काढायचा आहे, एवढंच काम. फोटोशॉपमधला पॉलिगोनल लॅसो, म्हणजे क्लिक करत करत कडेनं कापायचं टूल, घेतला, तीनशे टक्के झूम केलं, श्वास रोखून एकेक मोती क्लिक करत पंचवीस मिनिटं चाललो होतो. हनुवटीपाशी मी एक क्लिक केलं आणि माझ्या बिनतारी माउसनं दोन पाठवली. लॅसोत डबल क्लिकचा अर्थ एकच, सिलेक्शन, म्हणजे निवडलेल्या भागाची कड, बंद कर. त्यानं हनुवटीपासून थेट पदरापर्यंत सरळ रेघ मारली, अर्धा चेहरा कापला आणि सगळं मिटवून टाकलं.

काल एका रात्रीत सहा वेळा झालं हे. सहा!

बेळगावच्या शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं लग्नं, आणि त्यातच वैशाखातल्या शिवजयंतीचं फ्लेक्सचं काम. मंडळाची पोरं रात्री अकराला येतात, चाळीस कार्यकर्त्यांचे मोबाईलवरचे फोटो देतात आणि सकाळी फ्लेक्स पाहिजे म्हणतात. चाळीस मुंडकी कापायची, वर कन्नड मजकूर, खाली मराठी, दोन्हीकडचे फॉन्ट वेगळे. त्यांची धांदल मला कळते, माझी तक्रार त्यांच्यावर नाही. माझा राग ह्या हातातल्या मुठीएवढ्या प्लॅस्टिकवर आहे आणि त्याच्याबद्दल मला आठ दिवस जे जे ऐकवण्यात आलं त्यावर आहे.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, सेल बदला. शेजारच्या मोबाईलवाल्यानं दारातूनच सांगितलं, "ब्याटरी चेंज माड्री." बदलला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा घातला. मग रिचार्जेबल घालून बघितला, तो १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा असतो म्हणून तोही काढला. चार सेल झाले, फरक काडीचा नाही.

मग म्हणाले टेबलाची काच काढा. काढली, खाली पॅड घातलं. म्हणाले डबल क्लिकचा स्पीड बदला. विंडोजमध्ये तो ५०० मिलिसेकंदांवर असतो आणि कितीही ओढला तरी २०० च्या खाली येत नाही. माउस जे दुसरं क्लिक स्वतःच्या मनानं मारतो ते डोळ्याची पापणी लवायच्या आत मारतो. तिथं हा स्पीड काय करणार? सांगणारा सांगून चहाला जातो, करून बघण्यात माझा अर्धा दिवस जातो.

आणि पेन टूल घे म्हणणाऱ्यांनो, घेतलं होतं. पेनमध्ये वळण काढायला बटण दाबून हँडल ओढावं लागतं. ओढता ओढता मध्येच बटण सुटतं, माझं बोट दाबलेलंच असताना, आणि वळण अर्धवट राहतं. बटण दाबून रेघ ओढत न्यायच्या साध्या लॅसोत तर बटण सुटलं की तो असेल तिथून सुरुवातीपर्यंत रेघ मारून मोकळा होतो. शिफ्ट धरून पुढचा भाग जोडता येतो हे मला कोणी शिकवू नये, अठरा वर्षं हेच करतोय. पण जोडणार कशानं? ह्याच माउसनं! जोडताना एकदा शिफ्टवरचं बोट हललं की आधीचंही सिलेक्शन जातं. आपोआप माणूस ओळखणारं सिलेक्शनही लावून बघितलं. चेहरा बरोबर आला, मुंडावळी निम्मी पडद्यात गेली. लग्नाच्या फोटोत मुंडावळी नसली तर राहिलं काय?

खरा संताप पुढं आहे. माझ्या माउसला एक नव्हे, दोन रोग होते आणि दोघांची लक्षणं वरून सारखी दिसत होती. सिलेक्शन बिघडतं, बस. हे दोन वेगळे आहेत एवढंसुद्धा मला कोणी सांगितलं नाही. दुकानदारानं नाही, डब्यातल्या कागदानं नाही, फोनवर वीस मिनिटं गाणं ऐकवून शेवटी "सेल बदलून बघा सर" म्हणणाऱ्यानं तर नाहीच.

पाचव्या दिवशी मी पेंट उघडलं, बटण दाबून धरलं आणि पांढऱ्या पानावर नुसती वेलांटी काढत बसलो. तेव्हा दिसलं. कधी कधी पॉइंटर जागच्या जागी थिजतो आणि मग एकदम पुढं उडी मारतो, रेघ तुटत नाही पण वळणाच्या जागी कोपरा कापून सरळ जाते. आणि कधी पॉइंटर लोण्यासारखा चालत असतो, पण रेघच मध्ये तुटते. उडी मारतो तेव्हा दोष डोंगलपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या माउसच्या रिसीव्हरपर्यंत, पोचणाऱ्या सिग्नलचा. रेघ तुटते तेव्हा दोष बटणाखालच्या स्विचचा. दोन ओळींची गोष्ट! ही डब्यावर छापायला किती शाई लागली असती?

उडीचं कारण सापडलं ते ऐका. अल्बमचा सगळा डेटा माझ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतो. ती यूएसबी ३.० ची, सीपीयूच्या मागं निळ्या पोर्टला, आणि तिच्या अगदी शेजारच्या पोर्टला माउसचं डोंगल. हा माउस डोंगलशी २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतो. यूएसबी ३.० वर डेटा धावताना जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो नेमका ह्याच पट्ट्यात पडतो. इंटेलनं ह्यावर २०१२ साली शोधनिबंध काढलाय. २०१२! म्हणजे इतकी वर्षं हे माहीत आहे. फोटोचं काम करणारा प्रत्येक माणूस हार्ड डिस्क लावतो, फोटोशॉपची मोठी पीएसडी फाइल सेव्ह करतो आणि तेवढ्यात माउस अडखळतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपला हात थरथरतोय. मला स्वतःला वाटलं होतं. पंचेचाळिशी आली, डोळे दाखवून घ्यावेत, असं मी घरी बोललो होतो. बायको काळजीत पडली. कशामुळं, तर हार्ड डिस्कच्या केबलशेजारी डोंगल लावलं म्हणून.

उपाय साधा निघाला. एक मीटरची एक्स्टेंशन केबल घेतली आणि डोंगल टेबलावर माउसच्या पुढ्यात आणून ठेवलं. उड्या बंद. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक गाळ्याला एकेक वायफाय आहे, त्यातलेही बरेच त्याच २.४ वर चालतात, तरी जवळ आणल्यावर अडचण राहिली नाही.

पण दुसरा रोग राहिलाच. स्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची एक बारीक पट्टी असते. ती वाकून खालच्या टोकाला टेकली की क्लिक. टेकल्यावर ती जराशी थरथरते, ते थरथरणं मोजू नये म्हणून माउसची चिप काही मिलिसेकंद थांबते. पट्टी झिजली, टोकावर काळा थर चढला की ती जास्त वेळ थरथरते, चिप फसते आणि एकाची दोन क्लिक होतात. नाहीतर दाबलेलं असतानाच संपर्क सुटतो. डब्यावर छापलंय, एक कोटी क्लिक. मी हिशेब केला. दिवसाला पाच हजार क्लिक, महिन्याचे पंचवीस दिवस, अकरा महिने. १३ लाख ७५ हजार होतात. कोटी कुठं आणि हे कुठं?

अकरा महिने म्हणजे वॉरंटीत बसतो. पण घेतला होता कोल्हापूरला, लॅबमध्ये अल्बम आणायला गेलो होतो तेव्हा. इथल्या डीलरनं बिल बघितलं आणि म्हणाला, "हे तिकडचं बिल हाय ओ. तिकडंच दाखवा की." शंभर किलोमीटरच्या वर जायचं, ऐन सीझनला दुकान बंद ठेवून, माउस घेऊन! तरी गेलो. तिथल्या मुलानं काउंटरवर चार-पाचदा टिकटिक केलं आणि म्हणाला, "चालतोय की काका." अरे, तो पन्नासात एकदा चुकतो. पन्नासातलं ते एकच क्लिक माझी पंचवीस मिनिटं खातं. पेंटमध्ये रेघ काढून दाखवतो म्हटलं तर मागं गिऱ्हाईक उभं आहे म्हणाला. परत सांगितलं, "कंपनीकडं पाठवतो, तीन आठवडे लागतील, नाहीतर नवीन घ्या."

नवीन घ्या. होसदु तगोरी. दोन्ही भाषांत हेच उत्तर.

का घ्यायचं? तो स्विच किरकोळ किमतीचा, तीन पायांचा ठोकळा आहे. मोबाईलवाला सोल्डरिंग करून बदलून द्यायला तयार आहे. पण उघडायला गेलो तर स्क्रू खालच्या चिकट पायांच्या आड लपवलेले. ते पाय एकदा सोलून काढले की पुन्हा धड चिकटत नाहीत, माउस मग पॅडवर खरडत चालतो. आणि उघडला म्हणून वॉरंटी गेली म्हणणार. ज्यानं ते स्क्रू तिथं ठेवले त्याला कधी एका बैठकीत मुंडावळी कापायला लावा, मग कळेल.

माझी मागणी फार मोठी नाही. हार्ड डिस्कपासून डोंगल लांब ठेवा, हे डब्यावर ठळक छापा. डब्यात एक छोटी एक्स्टेंशन केबल टाका. स्क्रू उघडे ठेवा. आणि वॉरंटीला आलेला माउस बटण दाबून, रेघ ओढून तपासा, टिकटिक करून नको.

आज दुपारी खडेबाजारातून वायरचा माउस आणलाय, साडेतीनशेचा. वायर की-बोर्डला अडकते, हात ओढल्यासारखा वाटतो, पण दाबलं की दाबलेलं राहतं. नवरी येळ्ळूरची, नवरा चंदगडचा, अल्बम परवा दोन्ही घरी पोचायला पाहिजे. नवरीच्या आईनं दोनदा फोन केला, "भाऊ, तेवढा मुंडावळीचा फोटो पहिल्या पानावर घ्या हं." डावी सर पूर्ण झाली. सिलेक्शन चॅनेलमध्ये सेव्ह केलंय, आता दर पाच मोत्यांनी करतोय. उजवी सर सुरू करतो.