लिलावातलं मशीन स्वस्त का मिळतं

पाऊस उघडला की आमच्या लाइनीत सगळ्यांच्या मोबाइलवर लिलावाच्या याद्या फिरायला लागतात. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेले जेसीबी, पोकलेन, रोलर. बाजारभावापेक्षा पाच-सात लाख कमी दिसले की पोरं पेटतात.

यार्डात जाऊन बघतात काय? धुराचा रंग, अवर मीटर, बकेटच्या पिना, हायड्रॉलिकची गळती. मशीन नक्की कोणाचं, हे कोणी विचारत नाही. इंजिनाचं काम एकदा पैसे घालून निघतं हो, मालकीचा घोळ मात्र निस्तरता निस्तरत नाही.

अटींच्या कागदावर एक ओळ ठरलेली: ‘जसं आहे, जिथं आहे, जे काही आहे’. लोकांना वाटतं हे टायर-बॅटरीपुरतं आहे. खालचं बारीक अक्षर वाचा. मालकी, जुनी देणी, कोर्टकज्जे यांची जबाबदारीही बऱ्याचदा तिथेच झटकलेली असते. १९३० च्या मालविक्री कायद्यात, विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे ही अट गृहीत धरलेली आहे, पण करारात तसं लिहून ती बाजूला सारता येते. आणि त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जो मालक नाही आणि ज्याला मालकाने विकायचा अधिकार दिलेला नाही, त्याच्याकडून घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. चारचौघांत बोली लावली, आरटीजीएसने पैसे भरले, पावती घेतली, हे त्या अपवादांत बसत नाही.

साखळीच्या पोकलेनचं तर आणखी अवघड. टायरवरच्या बॅकहोला, म्हणजे आपल्या नेहमीच्या जेसीबीला, आरटीओची आरसी (नोंदणीचा दाखला) असते, तिच्यावर कोणाचा बोजा आहे ते मोबाइलवर दिसतं. साखळीच्या मशीनला सहसा आरसीच नसते. मालकीचा पुरावा म्हणजे खरेदीचं बिल आणि बनवणाऱ्या कंपनीने अंगावर ठोकलेली मशीन नंबरची प्लेट. ओळखीतल्या एकाने असंच एक उचललं. खडीच्या साइटवर काम सुरू झालं आणि दुसऱ्याच फायनान्सची माणसं बिल घेऊन दारात. जुन्या मालकाने एकाच मशीनवर दोन ठिकाणी कर्ज काढलेलं. नंतर नीट पाहिलं तर प्लेटच्या चार रिवेटांपैकी दोन चकचकीत नवे होते, म्हणजे प्लेटला कोणीतरी हात लावलेला. मशीन आता पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभं आहे आणि हा तारखांना जातोय.

‘कागद नंतर होतात’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. जुना मालक आरसी देईना किंवा गायबच झाला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे त्याला नोटीस काढून आरसी फायनान्स कंपनीच्या नावावर करून घेता येते. तो अर्ज, फॉर्म ३६, कंपनीनेच करायचा असतो. तुम्ही आरटीओत कितीही खेटे घाला, तुमच्या हातात ते नाही. मग पूर्ण रक्कम घ्यायच्या आधी कंपनीने तो का करू नये? कर्ज देताना आपल्याकडून कोऱ्या चेकपासून आधार कार्डापर्यंत सगळं घेतात की!

बयाणा भरायच्या आधी मूळ बिल मागायचं, प्लेटचा नंबर चेसिसवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघायचा. ‘सरसाई’ या केंद्रीय रजिस्ट्रीत थोडं शुल्क भरून बोजा शोधता येतो, कर्जदार कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडेही नोंद सापडते. पण नोंद सापडली नाही म्हणजे बोजा नाही, असं धरून चालू नका. मालकीवर वाद निघाला तर पैसे परत देऊ, एवढं लेखी मागून बघा.

यार्डवाला हसतो आणि म्हणतो, “शेठ, तुम्हाला घ्यायचंच नाही असं दिसतंय.” त्या कागदावर तर नाहीच घ्यायचं.