कर्ज फेडलं, पण कुणाच्या ताटातून?

रोमानियाचा कम्युनिस्ट नेता निकोलाय चाउशेस्कूबद्दल एक मजकूर सारखा फिरतोय: 'त्याने देशाचं सगळं परकीय कर्ज फेडलं, प्रत्येकाला घर-नोकरी दिली, म्हणून पाश्चात्त्यांनी कट करून 1989 मध्ये त्याला संपवलं.' चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितोय.

कर्ज फिटलं, हे खरं. पण ते काढलं कुणी? त्यानेच. सत्तरच्या दशकात तेलशुद्धीकरण आणि अवजड उद्योगांसाठी घेतलेलं कर्ज 1981 पर्यंत सुमारे 10 अब्ज डॉलरवर गेलं. मग फेडीसाठी धान्य, मांस, इंधन बाहेर पाठवलं आणि देशात पाव, तेल, साखर रेशनवर आली. चांगलं मांस निर्यात व्हायचं, दुकानात उरायचे डुकराचे पाय. लोक त्यांना 'आदिदाशी' म्हणायचे, बुटांच्या ब्रँडवरून. एप्रिल 1989 मध्ये कर्ज संपल्याचं जाहीर झालं, तरी रांगा संपल्या नाहीत. पोटाला चिमटा काढायला लावला तो लोकांना. स्वतःचा अवाढव्य प्रासाद मात्र 1984 पासून उभा राहतच होता, त्यासाठी बुखारेस्टमधल्या जुन्या वस्त्या पाडून.

घरं मिळाली, पण ऐन हिवाळ्यात त्या घरांत ऊब नसायची. नोकरीचं म्हणाल, तर 15 नोव्हेंबर 1987 ला ब्राशोव्हचे ट्रक कारखान्याचे कामगार पगारकपातीविरुद्ध रस्त्यावर आले. पक्षकार्यालयात घुसले, तर आत संत्री आणि चीज! आणि बायकांचं काय? 1966 च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आली. चोरून गर्भपात करताना हजारो जणी दगावल्या. त्या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

कटाची गोष्ट तर टिकतच नाही. याच पाश्चात्त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. 1969 मध्ये निक्सन बुखारेस्टला गेले, 1978 मध्ये ब्रिटनच्या राणीने त्याला राजवाड्यात उतरवलं. 1989 च्या उठावाची ठिणगी पडली ती रोमानियातल्याच तिमिशोआरा शहरात, एका हंगेरियन वंशाच्या पाद्र्याला घराबाहेर काढण्यावरून.

एक गोष्ट मी मान्य करतो: 25 डिसेंबरला ज्या तासाभराच्या खटल्यानंतर त्याला गोळ्या घातल्या, तो न्याय नव्हता, आणि त्यातला 60,000 बळींचा आकडाही खोटा होता. रीतसर खटला चालला असता, तर तिमिशोआरात मारलेल्यांपैकी चाळीसेक मृतदेह रातोरात बुखारेस्टला नेऊन जाळले, राख गटारात टाकली, हे त्याच्यासमोर उभं राहून त्यांच्या घरच्यांना सांगता आलं असतं.