जात विचारायची नसते, काढायची असते

फ्लॅट रिकामा झालाय, एजंटला सांगून झालंय, रविवारपासून माणसं जागा बघायला येतील. तुम्ही जातपात मानत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तसं तुम्ही एजंटलाही दोनदा सांगितलंत. फक्त माणूस ‘चांगला’ हवा, आणि चांगला म्हणजे काय हे उघड बोलायची सोय राहिलेली नाही. म्हणून हे चार शब्द.

आडनावापासून सुरुवात करा. कुलकर्णी आला तर आत चहा टाकायला सांगा. कांबळे आला तर ‘कालच एक पार्टी टोकन देऊन गेली’ एवढं पुरे. पंचाईत गायकवाडांची होते. जाधव, पवार, शिंदे, मोरे यांचीही तीच गत. ही आडनावं वाड्यातही सापडतात आणि वस्तीतही, आणि शर्ट हल्ली दोघांचेही इस्त्रीचे. हसून विचारा, ‘गायकवाड म्हणजे कुठले?’ साताऱ्याचे म्हणाला तर तिथेच थांबू नका, सातारा जिल्हा मोठा आहे. गाव विचारा, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारा. देवळापाशी, की ओढ्यापलीकडे?

एवढ्यावर भागलं नाही तर हुकमाचा एक्का काढा. आवाज मऊ ठेवून, ‘तुमचं कुलदैवत कुठलं हो?’ जेजुरी किंवा जोतिबा असं पटकन आलं, तर निम्मं काम झालं. समोरचा क्षणभर गप्प राहिला, तर समजा की 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात या प्रश्नाचं उत्तर देणं याच्या आजोबांनी कायमचं बंद केलं. देव सोडता आले त्यांना, आडनाव मात्र मागे लागून राहिलं. तुमची सोयच झाली म्हणायची.

मुसलमानांसाठी एवढी मेहनत लागत नाही, फोनवर नाव कळलं की झालं. फोन मात्र जपून उचला. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास वेगवेगळ्या नावांनी घरं मागून बघितली आणि 2015 मध्ये छापून टाकलं : सवर्ण नावाला घर सहज मिळतं, दलित नावाला कमी, मुसलमान नावाला त्याहून कमी. असल्या आगाऊ लोकांपासून सावध.

कायद्याची धास्ती? संविधानाच्या 15व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते सगळं नावानिशी आलंय, तुमचा वन बीएचके तेवढा राहून गेलाय. पण 1955 च्या कायद्यात, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेला आडकाठी करणं हाही गुन्हा आहे. म्हणून तर सांगतोय, कारण बोलायचंच नाही. हात मिळवा, पाणी द्या, गच्चीवरून टेकडी दाखवा. किल्ली तेवढी खिशात राहू द्या.

नकार कसा द्यावा, याचा नमुना 1917 च्या बडोद्यात आहे. भीमराव आंबेडकर नावाचे तरुण अधिकारी न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून तिथे नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्ती खुद्द महाराजांची. (हे महाराजही गायकवाडच, बघा कसा घोळ होतो.) जागा मिळेना, तेव्हा पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी पारशी मंडळी लाठ्या घेऊन दारात उभी. ही रीत अगदीच गावंढळ, तुम्हाआम्हाला शोभायची नाही. मग त्यांनी एका हिंदू मित्राला विचारलं. तो म्हणाला, तू माझ्याकडे आलास तर नोकर निघून जातील. हे जरा बरं, दोष नोकरांवर गेला. पण खरा उस्ताद दुसरा, ख्रिस्ती मित्र. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो.

आंबेडकर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहिले. मित्राने मात्र नाही म्हटलंच नव्हतं.

शंभर वर्षं उलटली, या वाक्याला तोड निघालेली नाही. ‘घरी विचारून कळवतो’ म्हणा आणि कळवू नका. लग्न झालेलं नसेल तर आई गावाला गेलीय म्हणा. आई नसेल तर सोसायटीचे चेअरमन आहेतच, फार कडक माणूस. आणि चेअरमन तुम्हीच असाल, तर सेक्रेटरींचं नाव सांगा. तेही त्यांच्या फ्लॅटच्या वेळी तुमचंच सांगतात.