चिठ्ठी हरवलेल्या कॅक्टसचं बारसं दोन मिनिटांत होत नाही

महिन्याभरात हा मजकूर मला निदान सहा जणांनी पाठवला. बेळगावच्या टिळकवाडीतल्या मामींनी, खानापूरच्या भाच्यानं आणि परवा निपाणीहून आमच्या व्याह्यांनीही. मजकूर थोडक्यात असा: काटे आहेत म्हणजे कॅक्टस. तुकडा मोडून बघा. दूध आलं तर विषारी, फेकून द्या, पाणी आलं तर अस्सल. मग अंगावरच्या उभ्या धारा, म्हणजे कडा, मोजा, फुलाचा रंग बघा, मोबाईलनं फोटो काढा, दोन मिनिटांत जात कळते. शेवटी ठळक अक्षरांत, 'नावाच्या चिठ्ठीशिवाय एकही कुंडी ठेवू नका'.

माझ्या गच्चीवर दीडेकशे कुंड्या आहेत. त्यातल्या चाळीसेकांची नावं मी छातीठोकपणे सांगेन, बाकीच्यांची नाही. वीस वर्षं हेच करतोय, तरी.

पहिलं काट्यांचं. आपल्याकडे हा घोळ भाषेतच मुरलाय. अथणी-गोकाककडं बांधाला लावतात तो तिधारी निवडुंग आणि शेर हे दोन्ही युफोर्बिया, म्हणजे कॅक्टस नव्हेत, चीक असलेल्या वेगळ्याच कुळातले. आयुर्वेदातली स्नुही याच घरातली. फड्या निवडुंग, ज्याची लाल बोंडं खाऊन आपण जिभा रंगवल्या, तो मात्र खरा कॅक्टस. शेजारचे कन्नड लोक त्याला पापासकळ्ळी म्हणतात आणि युफोर्बियालाही कळ्ळीच. म्हणजे निवडुंग म्हणा नाहीतर कळ्ळी, एका नावाखाली दोन वेगळी कुळं नांदतात.

कॅक्टसचं अख्खं कूळ अमेरिका खंडातलं. फक्त ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा तेवढा आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानात आपसूक वाढतो. गंमत बघा, त्याच्या लोंबत्या दोऱ्यांवर काटे जवळजवळ नसतातच. काट्यांच्या हिशेबानं तो कॅक्टस ठरणार नाही, आणि बांधावरचा तिधारी ठरेल!

खरी खूण काटा नव्हे, काटा जिथून निघतो ती जागा. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग घ्या आणि सकाळच्या तिरक्या उन्हात कुंडीपाशी बसा. कॅक्टसच्या अंगावर लोकरीची छोटी गादी दिसेल, कापसाचा बोळा चिमटीनं दाबून बसवावा तशी. तिला एरिओल म्हणतात. काटे, लोकर, फूल, नवीन फांदी, बहुतेक सगळं तिथूनच येतं. फड्या निवडुंगात त्याच गादीत बारीक कुसळं भरलेली असतात. बोटाला लागली की दोन दिवस आठवण ठेवतात. आता तिधारी निवडुंग बघा. काटे जोडीजोडीनं, टणक डागावर बसलेले, खाली गादी नाही. एवढं दिसलं की पुढचा निम्मा वाद मिटतो आणि काही मोडावं लागत नाही.

आणि मोडूच नका. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, काही काळ दिसेनासं होऊ शकतं. असला सल्ला घरात पोरंबाळं असलेल्या माणसांना वाटायचा? बरं, सल्ला खरा तरी आहे का? मॅमिलारिया हा अस्सल मेक्सिकन कॅक्टस. त्याच्या मॅग्निमामासारख्या काही जातींना टाचणी टोचली की पांढरंशुभ्र दूध येतं. त्याच मॅमिलारियातल्या बोटांसारख्या एलोंगाटाला टोचलं तर पाणी. मजकुराचं ऐकून कुणी चांगली वीस वर्षांची मॅग्निमामा उकिरड्यावर टाकली असेल, या विचारानंच पोटात गोळा येतो.

धारा मोजणं अगदीच फुकट नाही, पण वाढलेल्या झाडाच्या. ॲस्ट्रोफायटम मिरिओस्टिग्माला साधारण पाच धारा, पण तीन-चारवाली झाडंही असतात आणि वय वाढलं की धारा वाढतात. गोल्डन बॅरलच्या पिलाला तर धारा नसतातच, नुसत्या गाठी असतात. त्या वयात तो मॅमिलारियाच वाटतो.

या गोल्डन बॅरलनं मलाही फसवलंय. एका नर्सरीतून त्या नावाची चिठ्ठी खोचलेली कुंडी आणली. पिवळेधमक काटे, गोल अंग, शंकाच आली नाही. पाच वर्षांत ते गोल राहीना, खांबासारखं वर चढायला लागलं आणि शेंडा उन्हाकडं तिरका. मग एका उन्हाळ्यात शेंड्यावर चांगली मोठी पिवळी फुलं! गोल्डन बॅरल फुटाभराहून रुंद होईपर्यंत सहसा फुलत नाही, आणि ही कुंडी चहाच्या बशीएवढी. ते होतं पॅरोडिया लेनिंगहाउसी, ब्राझीलचं. चिठ्ठी वाचायच्या आधी हात फिरवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. याचे काटे दाढीच्या ब्रशासारखे मऊ, बॅरलचे सुयांसारखे.

फुलाच्या रंगावरून काहीच ठरत नाही, फूल कुठून येतं यावरून बरंच ठरतं. मॅमिलारियाला गाठींच्या खाचांतून मुकुटासारखं कडं येतं. जिम्नोकॅलिशियमच्या कळीची नळी गुळगुळीत खवल्यांची, एकिनॉप्सिसची लांब आणि केसाळ. बाजारातल्या कॅक्टसवरचं लाल-जांभळं, कागदासारखं वाळकं फूल तर बघूच नका, ते गोंदानं चिकटवलेलं असतं. पाणी शिंपडा, पाकळ्या मिटतात. लाल गोळा डोक्यावर घेतलेला 'मून कॅक्टस' म्हणजेही दोन झाडं: वर हरितद्रव्य नसलेलं जिम्नोकॅलिशियम, खाली ड्रॅगन फ्रूटच्या घरातला तीन धारांचा खुंट. चिठ्ठी कुणाच्या नावाची लावणार?

राहिला मोबाईल. तो बिचारा पुढ्यात आलेलं चित्र बघतो. आपल्याकडं मिरगापासून तीन महिने ऊन कसलं ते नाही. कुंड्या प्लॅस्टिकखाली लांबुळक्या होतात, काटे विरळ येतात. मी एकाच कुंडीचा मे महिन्यात आणि सप्टेंबरात फोटो काढला, दोन नावं आली. घराण्याच्या नावापर्यंत तो बऱ्याचदा बरोबर पोचतो हे मान्य. पण नर्सरीतली कितीतरी एकिनॉप्सिस संकरित असतात, त्यांना एका जातीचं नाव नसतंच.

जातीचं नाव एवढं स्वस्त असतं तर आपल्या देशाचाच इतिहास वेगळा झाला असता. १७९५ साली ब्राझीलहून इथं, ज्यापासून किरमिजी रंग करतात तो किडा आणला. निदान आणणाऱ्यांची समजूत तशी होती. निघाला त्याचा भाऊबंद, रंग कामाचा नाही. पण त्यानं फड्या निवडुंगाची एक जात फस्त करून टाकली आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात तोंडातही घेतली नाही. तिला संपवायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. माणसाला दोन्ही फड्या सारख्याच. किड्याला फरक पहिल्या घासात कळला.

चिठ्ठी हवीच, यावर मात्र माझं भांडण नाही. फक्त पेन्सिलीनं लिहा, मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. माझ्या ६३ नंबरच्या चिठ्ठीवर असं आहे: 'मॅमिलारिया, जात ठाऊक नाही. आठवडी बाजार, २०१९. चीक नाही. मधला काटा आकडी. फूल अजून नाही.' व्याह्यांना हेच कळवलं आणि त्यांच्या कुंडीच्या कळीचा फोटो वरून नको, बाजूनं काढून पाठवा म्हटलं. उत्तर आलं, "एप्रिलात फुलतंय की ते, तवर थांबा."