ऑर्डर गायब झाल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि म्हणणं असं की एक्सए (डेटाबेस आणि मेसेज क्यू दोन्हीकडचं काम एकत्रच पक्कं किंवा एकत्रच रद्द करायची पद्धत) लावल्यापासून अ‍ॅप स्लो झालं, सर्व्हर रिस्टार्ट केला की ऑर्डरच्या टेबलवर लॉक अडकून राहतात, आणि शेवटी काही ऑर्डर डेटाबेसमधून गायब पण ग्राहकाला कन्फर्मेशनचा मेल मात्र गेला. वर ‘यांना ट्रान्झॅक्शन मॅनेजर कॉन्फिगर करता येत नाही’ हेही (म्हणजे हे एकत्र काम सांभाळणारा भाग). राग येणारच, ऑर्डर गेल्यात. पण वाचणाऱ्यांना अर्धीच गोष्ट दिसतेय म्हणून इथेच लिहितो.

स्लोचं आधी उरकतो. एक्सएमधलं टू-फेज कमिट, म्हणजे दोन टप्प्यांत काम पक्कं करणं, फुकटात होत नाही, डेटाबेस आणि मेसेज क्यू (निरोप रांगेत ठेवून पुढे पोचवणारी यंत्रणा) दोघांकडून आधी प्रिपेअर, म्हणजे पक्कं करायची तयारी, करून घ्यायचं, मग निर्णय लॉगमध्ये लिहायचा आणि मग कमिट, म्हणजे फेऱ्या आणि डिस्कवरचं लिहिणं वाढणारच. म्हणून तर रिपोर्टच्या स्क्रीन्सना साधा, एक्सए नसलेला डेटासोर्स (डेटाबेसचं कनेक्शन) द्या असं हँडओव्हरमध्ये लिहून दिलं होतं, त्या अजून एक्सएवरच चालतायत.

आता लॉक. आम्ही वाइल्डफ्लाय (अ‍ॅप चालवणारा जावा सर्व्हर) दोन साध्या सर्व्हरवर बसवून दिलं होतं, दोघांना वेगवेगळा आणि कधी न बदलणारा नोड आयडेंटिफायर (त्या सर्व्हरचं ओळखनाव), आणि ऑब्जेक्ट स्टोअर, म्हणजे ट्रान्झॅक्शनचा लॉग, कायमच्या डिस्कवर. नंतर तुमच्या टीमने सगळं कंटेनरमध्ये हलवलं, त्याला आमची हरकत नाही, पण आयडेंटिफायर प्रत्येक पॉड, म्हणजे कंटेनरमधली अ‍ॅपची एक चालू प्रत, उठताना रँडम बनायला लागला आणि ऑब्जेक्ट स्टोअर राहिला कंटेनरच्या आत, म्हणजे पॉड गेला की लॉगही गेला. नवीन पॉडचा रिकव्हरी मॅनेजर साधारण दर २ मिनिटांनी डेटाबेसला विचारतो की अर्धवट काय राहिलंय, पोस्टग्रेस, म्हणजे तो डेटाबेस, यादी देतं, पण त्यावर नाव जुन्या नोडचं, मग हा हात लावत नाही आणि लावूही नये, दुसऱ्या चालू सर्व्हरचं काम असेल तर? त्यामुळे ती ट्रान्झॅक्शन्स लॉक धरून तशीच बसतात. पोस्टग्रेस रिस्टार्ट करूनही जात नाहीत, प्रिपेअर केलेलं रिस्टार्टनंतर टिकलंच पाहिजे, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

आणि ऑर्डर गेल्या त्या इथे: पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स (पोस्टग्रेसमधली प्रिपेअर होऊन राहिलेल्या ट्रान्झॅक्शन्सची नोंद) मधली अख्खी यादी कोणीतरी सरसकट रोलबॅक प्रिपेअर्ड, म्हणजे रद्द करायची कमांड, मारून साफ केली. त्यातल्या काहींचा निर्णय कमिटचा झालेला होता, क्यूने कमिट केलंही होतं म्हणून मेल गेला, फक्त डेटाबेसला कमिट सांगायच्या आत पॉड मेला होता. तिथे कमिट प्रिपेअर्ड, म्हणजे पक्कं करायची कमांड, हवं होतं. कुठली कुठल्या बाजूची हे लॉगने सांगितलं असतं, आणि लॉगच नव्हता. हे करायच्या आधी आम्हाला एक फोन आला असता तर निदान क्यूच्या बाजूला काय काय पोचलंय ते बघून ठरवता आलं असतं.

मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स (एका वेळी किती ट्रान्झॅक्शन्स प्रिपेअर होऊ शकतात ते ठरवणारं पोस्टग्रेसचं सेटिंग) आम्ही ‘उगाच वाढवलं’ असंही लिहिलंय, तर ते डिफॉल्ट ० असतं आणि ० म्हणजे प्रिपेअरच बंद, एक्सए चालणारच नाही.

आता काय करायचं ते सांगतो. कुबरनेटिसमध्ये (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) पॉड चालवायला डिप्लॉयमेंटऐवजी स्टेटफुलसेट हा प्रकार वापरा म्हणजे पॉडचं नाव तेच राहील, तेच नाव आयडेंटिफायर म्हणून द्या (२३ बाइटच्या आत बसलं पाहिजे, नाहीतर वाइल्डफ्लाय घेत नाही), आणि ऑब्जेक्ट स्टोअरला पर्सिस्टंट व्हॉल्यूम (पॉड गेला तरी टिकणारी डिस्क) जोडा. पॉड कमी करताना रिकव्हरी पूर्ण झाल्याशिवाय शेवटच्या क्रमांकाचा पॉड बंद करू नका, वाइल्डफ्लायचा ऑपरेटर (कुबरनेटिसवर वाइल्डफ्लाय सांभाळणारा प्रोग्राम) हे स्वतः बघतो, तो वापरलात तर अजून बरं. यादीत आज जे उरलंय त्याला प्लीज कोणी हात लावू नका, यादी आणि क्यूचे लॉग मेल करा, एकेक बघून कमिट की रोलबॅक ते सांगतो, याचं बिल लावणार नाही.